न कुजणारी फळी

१

वाल्बुर्गाचा दिवस काजळी खलण्याने सुरू व्हायचा. जवसाच्या तेलाचे चार थेंब, चिमूटभर काजळी, आणि काचेच्या तुकड्यावर ती गोल गोल घोटत राहायची. नवरा सुतार होता. तो फळ्या रंधून द्यायचा आणि ती त्यांवर नावं लिहायची. महायुद्धाने नवरा नेला, रंधा मागे ठेवला. आता दोन्ही कामं तीच करत होती, आणि त्याबद्दल गावात कुणी कधी नाक मुरडलं नाही, कारण तिच्यासारखं अक्षर पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं.

हाइडबाख गावात माणूस गेला की त्याला दोन दिवस घरातच एका फळीवर निजवत. फळी बरोबर त्याच्या उंचीची कापायची. माणूस पेटीतून दफनभूमीत गेला, की ती मरणफळी वाल्बुर्गाकडे यायची. ती नाव, तारखा आणि एखादी ओळ लिहायची, आणि मग जंगलाच्या वाटेवर बाकीच्या फळ्यांशेजारी ती उभी राहायची. जाणारा-येणारा नाव मनातल्या मनात वाचायचा, छातीवर क्रूस काढायचा आणि पुढे जायचा. फळी नेहमी स्प्रूसची असायची. हलकी, मऊ, ओलीला लगेच शरण जाणारी. सात-आठ हिवाळ्यांत बुडाशी कुजून ती आडवी झाली की गाव म्हणायचं, सुटला बिचारा. कलत्या फळीला टेकू द्यायचा नाही, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं.

कॅप्टन मेर्टेन्सला माहीत नव्हतं. तो उत्तरेकडचा. युद्ध हरल्यावर सरकारने सैन्य मोडलं, तेव्हा हा तीस-एक माणसं आणि बऱ्याच बंदुका घेऊन या डोंगरात आला होता. गावातली तरणी पोरं त्याच्या सीमादलात भरती झाली. वाल्बुर्गाचा क्विरिनही. कामधंदा नव्हता, आणि तिथे निदान बूट मिळत होते.

ऑक्टोबरात दलातला कोर्बिनियन मेला. दगडखाणीपाशी कम्युनिस्टांनी गोळी घातली, असं कॅप्टनने सांगितलं. त्याला निजवायला कॅप्टनने स्वतः ओकची फळी पाठवली आणि तिसऱ्या दिवशी तीच फळी घेऊन तो वाल्बुर्गाच्या कामाच्या खोलीत आला. मागोमाग कोर्बिनियनची आई झेन्झी, डोक्यावरचा काळा रुमाल सारखा करत.

"बुडाला दोन हात डांबर, वर वार्निश," कॅप्टन म्हणाला. "आणि लिहा, मातृभूमीसाठी पडला."

"साहेब, ओक नको हो," झेन्झी म्हणाली. "त्यात डांबर! शंभर वर्षं नाही कुजायची ती. माझं पोरगं तोवर काय उभंच राहणार का?"

"उभंच राहायला हवं, बाई. हुतात्मा आहे तो."

झेन्झीने वाल्बुर्गाकडे पाहिलं. तू तरी बोल, असं ती नजर म्हणत होती. वाल्बुर्गा काजळी खलत राहिली. तिचा एकुलता एक मुलगा या माणसाच्या हाताखाली होता, आणि तिला शहाणपण त्याच्यासमोर पाजळायचं नव्हतं.

२

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर दल वाटेवरच्या फळ्यांसमोर रांगा धरून उभं राहिलं. तीन रांगा. भर दुपार होती, ऊन स्वच्छ पडलं होतं. बायका कुंपणापाशी थांबल्या. नवी फळी बाकीच्या करड्या, वाकलेल्या फळ्यांमध्ये तुकतुकीत आणि ताठ दिसत होती.

कॅप्टनने वही उघडून हजेरी घेतली. एकेक नाव, एकेक "हजर". क्विरिनने आपलं ते "हजऽऽर" असं लांबवलंच. शाळेत मास्तर त्यासाठी कान पिळायचे, तरी ती खोड गेली नव्हती. वाल्बुर्गाला नको असताना हसू आलं.

मग कॅप्टनने पान उलटलं आणि आवाज चढवून हाक दिली, "कोर्बिनियन!"

"हजर!" सगळं दल एका आवाजात ओरडलं. त्यांना तसं शिकवलं होतं. मेलेला आमच्यात आहे, असा त्याचा अर्थ.

आणि त्यानंतर, एका श्वासाएवढ्या अंतराने, आणखी एकाने म्हटलं, "हजर."

हळूच, जरा थट्टेच्या सुरात. कुणीतरी मागे राहिला असेल, असं वाल्बुर्गाला वाटलं. पण रांगेत कुणी हसलं नाही, की सार्जंटने कुणाला झापलं नाही. आवाज रांगांकडून आलाच नव्हता. तो फळ्यांच्या बाजूने आला होता.

पांगापांग झाल्यावर ती मागे रेंगाळली आणि दोनदा जोरात टाळी वाजवली. टाळी जंगलात शिरली आणि तिथेच जिरली. इथे प्रतिध्वनी येत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी घरी येताना ती स्वतःला समजावत होती, की चाळीस जण ओरडले तर येतही असेल.

पुढच्या रविवारी तिने कान देऊन ऐकलं. "हजर!" आणि मग एकट्याचं, "हजर." शेजारी झेन्झीने तिचा दंड घट्ट धरला.

"ऐकलंस?" झेन्झीचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "अगं बुर्गल, माझाच गं तो! तस्साच चिडवतोय मेला!"

३

मंगळवारी दलातल्या दोघांनी ओकची आणखी एक फळी आणून भिंतीला लावली. सोबत कॅप्टनची चिठ्ठी होती. फळी मापाने कापलेली आहे, रंधून, वार्निश देऊन तयार ठेवा, नाव नंतर कळवतो.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही, मावशी," त्यातला एक म्हणाला. "साहेबांना सगळं वेळेआधी तयार लागतं. उत्तरेकडचे प्रशियन ना! उद्याचं जेवणसुद्धा आजच जेवतील." आणि दोघे हसत गेले.

माणूस जिवंत असताना फळी कापायची, असं तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मोजायचं नाही असं ठरवून ती बटाटे सोलायला बसली. दोन सोलले. मग सुरी ठेवली, हात पुसले आणि माप घेऊन फळीपाशी गेली.

एक मीटर एकोणऐंशी.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला क्विरिनला तिथे उभं करून बाप रेघ मारायचा, आणि बाप गेल्यावर ती मारत आली. सर्वांत वरची रेघ तिने मोजली नाही. तिला तो आकडा पाठ होता.

एवढ्या उंचीची माणसं काय एकच असतात? सार्जंट तसा उंच आहे. लोहाराचा थोरला आहे. खुद्द कॅप्टनही फार कमी नसेल. तिने मनातल्या मनात सगळं दल चौकटीला उभं करून पाहिलं. कुणी दोन बोटं खाली राहिला, कुणी तीन बोटं वर गेला. नेमका कुणीच बसला नाही.

४

बुधवारी सकाळी तिने फळी सुतारकामाच्या घोडीवर आडवी टाकून रंधायला घेतली. ओक हट्टी लाकूड. रंधा अडत होता, सोलपटं चुरा होऊन पडत होती. दुपारी ती सूप ढवळायला आत गेली आणि परत आली तेव्हा फळीवर ओल आली होती.

छताकडे पाहिलं. कोरडं होतं. फळीखाली हात घातला, तिथेही कोरडं. ओल वरच्याच अंगाला होती, आणि तिला आकार होता. अशी ओल तिने शेकडो वेळा पाहिली होती. दोन दिवस निजलेल्या माणसाखालून फळी काढली की तिच्यावर असेच डाग असत. टाचांचे दोन, पोटऱ्यांचे, कमरेचा पसरट, पाठीचा, डोक्याचा. ते रंधून काढण्यापासूनच तिचं काम सुरू व्हायचं.

या फळीवर अजून कुणीही निजलं नव्हतं.

तिने फडका घेतला आणि पुसलं. लाकूड सुकलं. तिने चुलीवरचं सूप पुन्हा ढवळलं, पाव कापला आणि मुद्दाम वेळ लावून परत गेली. डाग पुन्हा तिथेच होते. हिरवं लाकूड असेल, आतली ओल बाहेर येत असेल, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. बोलता बोलता तिची नजर पाठीच्या डागावर गेली.

उजव्या खांद्याचा डाग पुरता उमटला होता. डाव्या खांद्याचा नव्हताच. तिथे फळी कोरडी खडखडीत होती.

क्विरिन सात वर्षांचा असताना गवताच्या माळ्यावरून पडला होता. तेव्हापासून त्याचा डावा खांदा जरा खाली आणि पुढे होता. तो पाठीवर निजला की तो खांदा अंथरुणाला टेकत नसे. लहानपणी ती तिथे उशीचा कोपरा सारून द्यायची.

ती तिथेच जमिनीवर बसली. चुलीवर सूप करपलं, तेव्हा कुठे उठली.

५

गुरुवारी क्विरिन घरी आला. अलीकडे तो जेवत नव्हता, धड बोलत नव्हता. आल्या आल्या तो कामाच्या खोलीच्या दारात थबकला. फळीवर तिने पोतं टाकलं होतं.

"ही कुणाची?"

"नाव नाही सांगितलं," ती म्हणाली. "तू सांग. कोर्बिनियनला कुणी मारलं?"

"लालवाल्यांनी."

"क्विरिन, मी तुझी आई आहे. रविवारच्या भाषणाला आलेली बाई नाही."

तो घोडीच्या टोकाला बसला आणि त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग सांगू लागला. गवताच्या कोठारात दलाच्या बंदुका लपवल्या होत्या. कोर्बिनियन म्हणत होता, युद्ध संपलंय, बास झालं, मी पोलिसांना सांगून टाकतो. कॅप्टनच्या कानावर ते गेलं. एका संध्याकाळी, झेन्झी घरी नसताना, चौघे त्याच्या घराशी गेले, त्यात क्विरिन होता.

"मला म्हणाले, तू हाक मार. तुझ्या हाकेला तो येईल. मला वाटलं, दम देतील, दोन ठोसे मारतील. देवाशपथ, आई, मला तेवढंच वाटलं. मी अंगणातून ओरडलो, कोर्बिनियन! तो आतून म्हणाला, हजर. असं थट्टेत, शाळेत म्हणायचा तसं. आणि तोंडातला घास चावत बाहेर आला."

वाल्बुर्गाने विचारलं, "रविवारी तू ऐकतोस?"

"सगळेच ऐकतात. कुणी कुणाला विचारत नाही." तो तळव्यांनी डोळे चोळू लागला. "त्याला बोलावलं की तो येतो, आई. तेव्हाही आला होता. आम्ही दर रविवारी त्याला बोलावतो."

मग त्याने उरलेलं सांगितलं. तालुक्याच्या गावी जाऊन न्यायाधीशासमोर सगळं ओकावं, असं त्याच्या मनात आलं होतं. ते त्याने दलातल्या एकाला बोलून दाखवलं. तो एक जण तेव्हापासून त्याच्याशी फार गोड वागत होता.

वाल्बुर्गाने पोतं ओढलं नाही, त्याला फळी दाखवली नाही. ती फक्त म्हणाली, "शनिवारी सकाळी कुऱ्हाड घे आणि लाकडाला जातोस असं कर. डोंगराच्या धारेवरून तीन तासांत सीमेपलीकडे बोहेमियात उतरशील. मावशीकडे जा. तिथे यांचा हात पोचत नाही."

"आणि रविवारी हजेरीला?"

"ताप आलाय म्हणून सांगेन. तुझ्या लहानपणी मास्तरांना कमी वेळा सांगितलंय का?"

तो हसला. खूप दिवसांनी हसला. निजायला गेला तेव्हा तिने त्याच्या डाव्या खांद्याखाली उशी सारली, आणि बावीस वर्षांच्या त्या घोड्याने ती सारू दिली.

६

शुक्रवारी तिने ओकच्या फळीचे करवतीने आठ तुकडे केले आणि चुलीत घातले. ते पेटेनात. फसफसत राहिले आणि त्यांच्या टोकांतून पाणी गळत राहिलं. शेवटी तिने ते ओढ्यात फेकले.

पण शनिवारी कॅप्टन फळी पाहायला आला तर? त्याला शंका यायला नको. कोठीत स्प्रूसच्या फळ्या होत्या. तिने एक एकोणऐंशीच्या मापाची कापली, तिच्यावर पिवळसर हात दिला आणि ओल्या रंगातून कंगव्याचे दात ओढून ओकच्या रेषा उठवल्या. श्रीमंतांच्या दारांना ती असाच खोटा ओक चढवून द्यायची. बुडाला डांबराऐवजी दुधात कालवलेली काजळी लावली. दिसायला डांबर, पण पहिल्या बर्फात धुऊन जाणारं. फक्त त्याला फसवण्यासाठी, असं ती स्वतःला बजावत होती. हिच्यावर कुणी निजणार नाही.

शनिवारी उजाडल्यावर क्विरिन निघाला. खांद्यावर कुऱ्हाड, खिशात पाव आणि डुकराच्या मांसाचा तुकडा. वळणावर त्याने मागे वळून हात केला.

दहाच्या सुमाराला ती झेन्झीकडे गेली. तिच्यापासून लपवणं जिवावर आलं होतं. सगळं सांगायचं धैर्य मात्र झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "झेन्झी, तुझ्या पोराच्या फळीला मी बुडातून भोकं पाडून देते. कुणाला दिसणार नाहीत. पाणी शिरेल, चार-पाच वर्षांत पडेल ती. सुटेल गं."

झेन्झीने हातातली विणकामाची सुई खाली ठेवली. "आणि मग रविवारी मी काय ऐकू?"

"तूच म्हणाली होतीस ना, उभा राहील म्हणून?"

"म्हणाले होते. तेव्हा मला वाटलं होतं, गेला तो गेला." तिचा आवाज एकदम कडक झाला. "माझ्या फळीला हात लावलास, बुर्गल, तर मी कॅप्टनला सांगेन. खरंच सांगेन."

वाल्बुर्गा परतली ती वाटेवरच्या फळ्यांवरून. कोर्बिनियनच्या फळीशेजारी एक खड्डा खणलेला होता. माती ताजी होती. बाक रोवणार असतील, असं म्हणून तिने पाय उचलले.

७

रविवारी गवतावर दहिवर गोठलं होतं. हजेरीच्या आधीच तिने कॅप्टनला गाठलं.

"साहेब, क्विरिनला ताप भरलाय. उठवतच नाहीये त्याला."

कॅप्टनने हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवत. "असू द्या, बाई. विश्रांती घेऊ द्या त्याला," तो मवाळपणे म्हणाला.

एवढ्या सहज सुटू, असं तिला वाटलं नव्हतं. ती कुंपणापाशी झेन्झीशेजारी येऊन उभी राहिली. दल रांगेत होतं. तिसऱ्या रांगेत क्विरिनची जागा सवयीने मोकळी राहिली होती, दोन माणसांच्या मधली.

हजेरी सुरू झाली. नाव, हजर. नाव, हजर. ती एकेक मोजत होती. क्विरिनच्या आधीचं नाव आलं. त्याच्या नंतरचं नाव आलं. त्याचं नाव घेतलंच नाही! आजारी म्हणून वगळलं. तिने कुंपण धरलं. आता तो मावशीच्या स्वयंपाकघरात बसला असेल. गरम दूध पीत असेल.

कॅप्टनने पान उलटलं.

"कोर्बिनियन!"

"हजर!" दल ओरडलं. आणि मागून, थट्टेत, "हजर." झेन्झीने समाधानाने डोळे मिटले.

कॅप्टनने पान मिटलं नाही. त्याने त्याच पानावर बोट खाली सरकवलं.

"क्विरिन!"

दल ओरडलं नाही. कोर्बिनियनच्या अंगणात गेलेले बाकीचे तिघे सोडले तर कुणाला काहीच माहीत नव्हतं, आणि ते तिघेही गोंधळले असावेत. चाळीस तोंडं नुसती उघडी राहिली. कावळासुद्धा बोलला नाही. त्या शांततेत, एका श्वासाच्या अंतराने, उत्तर आलं.

"हजऽऽर."

वाल्बुर्गाने पाहिलं. पाहायचं नव्हतं तरी पाहिलं. तिसऱ्या रांगेतल्या त्या मोकळ्या जागेत, पुढच्या दोघांच्या खांद्यांमागे, आणखी एक खांदा होता. डावा. जरा खाली, जरा पुढे. खालचं पांढरं गवत दोन पावलांएवढं दबत गेलं आणि हिरवं झालं. तिने डोळे पुसले तेव्हा रांगेत नुसती फट होती.

कॅप्टनच्या हातून पेन्सिल पडली होती. त्याने वाकून ती उचलली, वही मिटली आणि घसा साफ करून भाषणाला सुरुवात केली. काल सकाळी सीमेच्या धारेवर, आपला एक शूर सहकारी, कम्युनिस्टांची भेकड गोळी. पुढचं तिला ऐकू आलं नाही. झेन्झीने तिला मिठीत घेतलं होतं आणि कानात ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ऐकलंस ना? आला बघ तुझाही. आला."

८

क्विरिनला तिच्याच स्वयंपाकघरात निजवलं, त्या स्प्रूसच्या फळीवर. बरोबर मावला. डावा खांदा टेकत नव्हता, म्हणून तिने तिथे उशीचा कोपरा सारला. गोळी पाठीतून गेली होती. खिशातला पाव तसाच होता.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन आला. फळी घोडीवर होती. तिने डाग रंधून काढले होते, खोट्या ओकच्या रेषा पुन्हा ओढल्या होत्या आणि नाव लिहिलं होतं. कॅप्टनने बोटांच्या पेरांनी फळीवर ठकठक केलं आणि कान देऊन ऐकलं.

"ओक?"

"ओकच," ती म्हणाली. "तुम्हीच पाठवलेली."

"आणि डांबर?"

"दोन हात."

त्याने मान हलवली. "तुमचा मुलगा कधी पडणार नाही, बाई."

ती त्याच्या तोंडावर थुंकली नाही. ती नुसती उभी राहिली, कारण फळी रोवली जाईपर्यंत गप्प बसायचं होतं. एवढं एक तिच्या हातात उरलं होतं. बर्फ काजळी धुऊन नेईल. मऊ लाकडात पाणी शिरेल. सात वर्षं, फार तर आठ. मग एका सकाळी तो आडवा होईल, आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी त्याला उठून यावं लागणार नाही. या एका विचारावर तिने तो हिवाळा काढला.

९

दर रविवारी ती कुंपणापाशी असायची. जायचं नाही, असं दर शनिवारी ठरवायची. "हजर!" मग थट्टेतलं एक "हजर." मग ते लांबवलेलं "हजऽऽर." पहिल्या दिवसांत ती पुटपुटायची, नको येऊस बाळा, निजून राहा. पुढे पुढे पुटपुटणं थांबलं. हाकेआधी ती डोक्यावरचा रुमाल कानांमागे सारायला लागली. आठवडाभर घरात कुणाचा आवाज नसायचा. चौकटीवर रेघा होत्या आणि त्या बोलत नव्हत्या.

मार्चअखेर बर्फ वितळलं. एका रविवारी "हजऽऽर" आलं, पण दबकं, जणू दाराआडून. वाल्बुर्गाला वाटलं, वारा असेल. त्यापुढच्या रविवारी ते इतकं बारीक आलं की झेन्झीने मान वळवून तिच्याकडे दयेने पाहिलं.

लोक पांगल्यावर ती फळीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. बुडाची काजळी पार धुऊन गेली होती. खोट्या ओकच्या रेषा सोलवटल्या होत्या. खालचं स्प्रूस पांढरं पडलं होतं आणि मातीशी बोटभर हिरवं शेवाळ धरलं होतं. तिने अंगठ्याचं नख दाबलं. नख लोण्यात शिरावं तसं आत गेलं. पहिल्याच हिवाळ्यात! तिने केलेलं काम चोख झालं होतं.

सुटतोय पोरगा, तिने स्वतःला सांगितलं. हेच हवं होतं तुला. ती तशीच बसून राहिली, ओलं लाकूड तळहाताखाली धरून. मग अगदी हळू, कुणी ऐकत नाही ना ते पाहून, तिने त्याला नावाने हाक मारली.

थांबली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला, खूप खोलातून, नीट न उठलेल्या माणसासारखं उत्तर आलं.

सोमवारी सकाळी तिने काजळी खलली नाही. चुलीवर डब्यात डांबर तापत ठेवलं, जाड केसांचा कुंचला शोधून काढला, आणि दोन्ही घेऊन ती फळ्यांच्या वाटेला लागली. खोरं तिने काखेत धरलं होतं, कारण बुडाची माती उकरल्याशिवाय खालपर्यंत हात पोचला नसता.